नुसतं पाहायचे पैसे

चंद्रपुरात जुनं घर विकत घ्यायचं ठरलं की ते आधी दहा जण पाहून जातात. वास्तुतज्ज्ञ होकायंत्र घेऊन येतो आणि ईशान्येला संडास नाही ना, एवढं पाहतो. बँकेचा व्हॅल्युअर टेप घेऊन येतो आणि भिंतींपेक्षा कागद जास्त पाहतो. मेव्हणा खांबावर थाप मारून "मजबूत आहे" म्हणतो. सासूबाई स्वयंपाकघरातला उजेड पाहतात, मुलगा मोबाइलची रेंज पाहतो आणि शेजारी आपल्यालाच पाहून घेतात. नळ फक्त एक जण उघडतो, तोही हात धुवायला. पाणी येतं. झालं, प्लंबिंग उत्तम!

तुकूम भागातलं आमचं दुमजली घर मी याच पद्धतीने घेतलं. विकणारे गृहस्थ बदलीवर निघालेले अधिकारी. म्हणाले, "पाण्याचा काही त्रास नाही, सर. महापालिकेचा नळ आहे, बोअर आहे, गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे." नळ, बोअर आणि टाकी तिन्ही होती. त्रास नाही हेही खरं होतं, कारण ते निघाले होते.

माझी सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यात गेली. २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा निघाला आणि काही वर्षांनी मी तिकडे ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला रुजू झालो. धानोरा काय, आरमोरी काय, भाड्याच्या घराला अंगणात विहीर आणि कोपऱ्यावर हातपंप. हातपंपाच्या पाण्यात लोह इतकं की पांढरा सदरा वर्षभरात बदामी व्हायचा आणि लोक म्हणायचे, सरांना हाच रंग आवडतो. दोर, बादली आणि कप्पी एवढंच आमचं प्लंबिंग. कप्पी कुरकुरली की तेलाचे दोन थेंब, दोर झिजला की नवा दोर. जे बिघडायचं ते डोळ्यांसमोर बिघडायचं. पास्कलचा नियम मी फळ्यावर डाव्या हाताने सिद्ध करायचो, पण भिंतीच्या पोटातून जाणाऱ्या पाइपाशी माझी ओळखच झाली नव्हती. सेवानिवृत्त होऊन चंद्रपूरला आलो तेव्हा ती झाली, आणि पुरेपूर झाली.

सुरुवात खालच्या बेडरूममध्ये झाली. कपाटाच्या वर भिंतीला एक ओला डाग आला. आकाराने गडचिरोलीतल्या देसाईगंज तालुक्याएवढा. पुढच्या महिन्यात त्यात आरमोरी आलं, मग गडचिरोली, मग चामोर्शी. डाग खाली उतरत उतरत सिरोंच्याकडे निघाला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कुणाला तरी दाखवा." मी म्हणालो, दाखवायचं काय त्यात? गच्चीतून पाणी झिरपतंय. केशाकर्षण म्हणतात याला. तिने विचारलं, "मे महिना आहे. ढगाचा पत्ता नाही. गच्चीवर पाणी येणार कुठून?" प्रश्न बिनतोड होता. अशा प्रश्नाला वर्गात मी जे उत्तर द्यायचो तेच दिलं: "ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे."

आणि भर मे महिन्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. चंद्रपूरचा मे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पारा सत्तेचाळिशी गाठतो तेव्हा इथे तो पेपरात पहिल्या पानावरही येत नाही. त्या गच्चीवर मजुरांनी पहाटे आणि संध्याकाळी काम केलं आणि मी दुपारी छत्री घेऊन देखरेख केली. गच्ची चकाचक झाली, खिसा कोरडा झाला. डाग मात्र अहेरीपर्यंत पोचला. मग मी त्यावर ओलरोधक रंग मारला. डागाने तो रंग पापडासारखा सोलून खाली टाकला आणि मी कपाट चार बोटं डावीकडे सरकवलं.

दुसरी तक्रार वरच्या न्हाणीघराची. शॉवरचं पाणी अंगावर पडायच्या ऐवजी शॉवरलाच धरून खाली यायचं. याचं शास्त्र मला ठाऊक होतं. दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभामुळे साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम दोन मीटर, म्हणजे दाब एकपंचमांश. उपाय सोपा: प्रेशर पंप. नळ उघडला की आपोआप चालू, बंद केला की आपोआप बंद, आणि दाब दीड-दोन बार. मी पंप आणला आणि सगळ्या घराच्या लाइनवर बसवून घेतला. शॉवर असा सुटला की पहिल्या दिवशी साबण हातातून उडाला. बायकोने विचारलं, "जुन्या पाइपांना हे झेपेल ना?" मी म्हणालो, पाइप लोखंडी आहेत. गॅल्व्हनाइज्ड लोखंड आतून गंजत जातं, पाण्यातल्या क्षाराने त्याची नळी अंगठ्यावरून करंगळीवर येते आणि बाहेरून ते तरीही लोखंडच दिसतं, हे मला पुढे कळलं.

चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा असते. मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागते. माझ्या नांदेडच्या मावशी दोन सुना, नातवंडं आणि शेजारणी यांच्यासह आमच्याकडे उतरल्या. हॉलभर गाद्या पडल्या. पहाटे एका सुनेने नळ उघडला, पंप सुरू झाला आणि भिंतीच्या आत कुठेतरी 'फट्' असा आवाज आला. मग कपाटाच्या मागून पाणी आलं. झिरपत नव्हे, प्लॅस्टरचं ढेकूळ घेऊन फवाऱ्याने आलं. झरपट नदीत अंघोळ करून मग महाकालीचं दर्शन घ्यायची रीत आहे. मावशींची अंघोळ अंथरुणातच झाली.

"अरे, बघत काय बसलास? पाणी बंद कर की!" मावशी ओरडल्या. मी गच्चीवर धावलो. टाकीखालचा गेटवॉल फिरवला. चाक फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं आणि शेवटी सुटून माझ्या हातात आलं. वॉल जसा होता तसाच उघडा. ते चाक घेऊन मी खाली आलो आणि सगळ्यांना दाखवलं. का दाखवलं, ते आजही सांगता येणार नाही.

हजार लिटरचीच टाकी आहे, संपेल, असा मी धीर दिला. पण टाकीला मी मोठ्या हौसेने ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला होता. टाकी रिकामी होत आली की बोअरची मोटर आपोआप सुरू होते, माणसाला उठावंही लागत नाही. अंगणातून घुर्र असा आवाज आला. टाकी घरात रिकामी होत होती, बोअर टाकीत रिकामी होत होती, आणि पंप व कंट्रोलर या दोन्ही यंत्रणा मीच बसवल्या होत्या. शेवटी बायकोने काही न बोलता मेन स्विच पाडला. अंधार झाला, मोटर थांबली, टाकी संपली, पाणी थांबलं.

नंतर आलेल्या प्लंबरने भिंत फोडून एल्बो बदलला आणि पैसे घेऊन गेला. त्याचं चुकलं नाही; मी त्याला एल्बो बदलायलाच बोलावलं होतं. आठवडाभराने पुढचा जोड गळायला लागला. तो बदलला, तर त्याच्या पुढचा. जुन्या लाइनीत एक तुकडा नवा टाकला की दाब शेजारच्या म्हाताऱ्या तुकड्याला जाऊन विचारतो, तुझं काय? मधल्या काळात मीही टेफ्लॉन टेप, एमसील आणि पाइपपाना अशी सामग्री जमवली. एक गळका नळ असा आवळला की नळ हातात आला आणि त्याचे आटे भिंतीतच राहिले.

आमच्या मागच्या गल्लीत वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक पाइप फिटर राहतात. आता घरोघरची पाण्याची व्यवस्था तपासून देतात. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. इरई धरणाचं पाणी बॉयलरच्या नळ्यांतून वाफ होऊन जातं तेव्हा वीज होते. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा संच बंद ठेवायची पाळी आली होती. पाणी आणि पाइप यांचं महत्त्व या गावाला नव्याने सांगायला नको, मला सांगायला हवं होतं. शेवटी त्या फिटरकाकांना बोलावलं. ते आले, माझ्या हातातलं गेटवॉलचं चाक पाहिलं आणि म्हणाले, "सर, आमच्याकडं बॉयलर दरसाल उघडून पायतात. १९२३ चा कायदाच होता तसा. तुमचं घर कोनं कधी पायलं काय जी?"

मी फी विचारली. त्यांनी सांगितली. "दुरुस्तीसकट?" "नाई. नुसतं पायाचे. अर्धा दिवस लागते. लिहून देतो. दुरुस्ती तुमी कोनाकडूनबी करा." नुसतं पाहायचे पैसे! माझ्यातला शिक्षक खवळला. मग आठवलं, वास्तुतज्ज्ञाने पाहायचेच पैसे घेतले होते आणि मी ते पाकिटात घालून वर एक रुपया ठेवून दिले होते. बँकेच्या व्हॅल्युअरनेही पाहायचेच घेतले. फरक इतकाच की त्या दोघांनी पाहिलेलं काहीही गळत नव्हतं.

तपासणीच्या आदल्या रात्री त्यांनी एक गृहपाठ दिला. झोपताना मोटर बंद, घरातले सगळे नळ बंद, टाकीत काठी बुडवून पाण्याच्या पातळीवर खूण. सकाळी पाहतो तर पाणी खुणेच्या चार बोटं खाली. टाकीच्या व्यासाने हिशोब केला, साठेक लिटर भरले. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाचं पाणी ५५ लिटर धरलं आहे. म्हणजे आमच्या घरात एक न दिसणारा पाहुणा रोज रात्री मुक्काम करून, व्यवस्थित अंघोळ करून जात होता.

त्यातला अर्धा पाहुणा कमोडमध्ये सापडला. काकांनी बायकोकडून जिलेबीचा खायचा रंग मागून घेतला, फ्लशच्या टाकीत टाकला आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. पंधरा मिनिटांनी खालचं पाणी केशरी. आवाज नाही, थेंब दिसत नाही, आणि पाणी अखंड चाललेलं. आतलं दोन बोटांचं रबरी वॉशर कडक झालं होतं.

उरलेला अर्धा शोधायला त्यांनी हातपंपासारखं छोटं यंत्र काढलं. लाइनचं एक तोंड बंद, दुसऱ्या तोंडाला यंत्र, दाब चढवायचा आणि घड्याळासारख्या तबकडीवर काटा पाहत बसायचं. खालच्या मजल्याची लाइन लावली, काटा जागचा हलला नाही. वरच्या न्हाणीघराची गरम पाण्याची लाइन लावली आणि काटा बसल्या जागी घसरायला लागला. "हे पायजा, सर. तुमचा डाग तिथं हाये, पन पानी तिथलं नाई. इथून निंगून, विजेच्या पायपानं पलीकडं जाऊन, मंग भिंतीत उतरून रायलं." बेडरूमचा डाग आणि मूळ गळती यांत बारा-तेरा फुटांचं अंतर होतं. मी ज्या गच्चीला डांबर पाजलं ती बिचारी पहिल्यापासून कोरडी होती.

मग गीझर. हे मला अभिमानाने दाखवायचं होतं. गीझरच्या बुडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यातून थेंब थेंब पाणी पडायचं. मी तिथे एमसीलचा असा गोळा बसवला होता की एक थेंब पडेल तर शपथ. घरातली माझी ही एकच दुरुस्ती टिकली होती. काकांनी टॉर्च मारली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग आधी स्विच बंद केला. "हे कोनं केलं जी?"

मी हात वर केला. तो प्रेशर रिलीज व्हॉल्व्ह होता. पाणी तापलं की फुगतं. थर्मोस्टॅट बिघडला तर ते उकळतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सोळाशे पटीहून जास्त जागा मागते. ती जागा न मिळाल्यास गीझर फुटतो. थेंब थेंब गळणं हेच त्या व्हॉल्व्हचं काम. सोळाशे पटीचा आकडा मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारत आलो होतो. त्या गीझरखाली रोज सकाळी माझी नात अंघोळ करायची. यावर मला काही विनोद सुचत नाही.

गीझर उघडला तर आतल्या कॉइलवर बोटभर जाड पांढरं कवच. ज्या चुनखडीवर गडचांदूर, आवाळपूर, घुग्घुसकडचे सिमेंटचे कारखाने चालतात तीच आमच्या बोअरच्या पाण्यात उतरते. भारतीय मानकात पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची. काकांनी पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवायला लावलं, फ्लोराइडसकट. जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याची कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात ते वाढतं. आमच्या घरी इतकी वर्षं 'उकळलं की सगळं मरतं' हे तत्त्वज्ञान चालू होतं.

अंगणातही दोन शोध लागले. सांडपाण्याच्या चेंबरशेजारी एक उंबर आपोआप उगवला होता. दत्तगुरूंची कृपा म्हणून मी त्याला पार बांधायच्या बेतात होतो. चेंबर उघडलं तर दत्तगुरूंच्या कृपेची मुळं पाइपाच्या जोडातून आत शिरून जटा सोडून बसलेली. दुसरा शोध असा की महापालिकेची लाइन आणि बोअरची लाइन एकमेकींना थेट जोडलेल्या, मध्ये पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्हच नाही. पालिकेचं पाणी बंद असताना मी बोअर लावली की माझं क्षाराचं पाणी गल्लीच्या नळात. शेजारचे जोशीकाका 'हल्ली पाणी जड येतं' म्हणून पालिकेला अर्ज करत होते आणि त्या अर्जावर पहिली सही मी केली होती.

शेवटी काकांनी वहीच्या कागदावर तीन रकाने काढले: आजच, या वर्षी, जमेल तेव्हा. 'आजच'मध्ये गीझरचा व्हॉल्व्ह, गेटवॉल आणि उलट्या पाण्याचा व्हॉल्व्ह. 'या वर्षी'मध्ये वरची गरम पाण्याची लाइन, उंबर आणि चेंबर. 'जमेल तेव्हा'मध्ये उरलेले सगळे लोखंडी पाइप. तोवर प्रेशर पंप फक्त वर टाकायच्या नव्या लाइनला, खालच्या जुन्या लाइनला अजिबात नाही. पाठीमागे घराचा नकाशा: कोणता पाइप कुठून जातो, कोणता व्हॉल्व्ह कशाचा. घराच्या चतु:सीमेचा नकाशा माझ्याकडे नोंदणीकृत होता, पण पाण्याचा मिळायला तो कागद लागला. तो मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. त्यांची फी गच्चीच्या डांबराच्या पासंगालाही पुरली नसती.

या तपासणीने सगळं दिसतं असं नाही. भिंतीतला पाइप आणखी किती वर्षं टिकेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि तपासणारा व दुरुस्ती करणारा एकच असेल तर यादी लांबायचा मोह कुणालाही होऊ शकतो; म्हणून दोघे वेगळे असलेले बरे, किंवा यादी तरी लेखी असावी. पण काय बिघडलं आहे, काय बिघडणार आहे आणि कशाला अजून वेळ आहे, या तीन गोष्टी एका कागदावर आल्या की निम्मा खर्च तिथेच वाचतो. उरलेला निम्मा माझ्यासारख्यांच्या हातातला पाना काढून घेतल्यावर वाचतो.

तेव्हा, जुनं घर घेणार असाल तर व्यवहाराची रक्कम ठरायच्या आधी जाणत्या माणसाकडून पाण्याची व्यवस्था तपासून घ्या. पाइप जुने निघाले तर किंमत तेवढी खाली येते. नवं बांधत असाल तर प्लॅस्टर करण्याआधी लाइनीवर दाब देऊन पाहा आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. गीझरच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडत असेल तर तो पडू द्या. धार लागली तर जाणकाराला बोलवा. आणि हे वाचून झालं की उठा, घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा, एकदा फिरवून पाहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. चाक हातात आलं तरी हरकत नाही. दिवसाढवळ्या येईल आणि घरात पाहुणे नसतील.